टिश्यूचं पाकीट, कोपी-ओ आणि आईचं जेवण : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सिंगापूरच्या हॉकर सेंटरवर दोन पानं लिहिली आणि शेवटी सहज म्हटलं की काही विचारायचं असेल तर विचारा. तुम्ही भलतंच मनावर घेतलंत. निम्म्याहून जास्त पत्रं एकाच प्रश्नाची आहेत, आईबाबा येणार आहेत आणि ते शुद्ध शाकाहारी आहेत, म्हणून तिथूनच सुरू करते. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हॉकर सेंटर म्हणजे वर छप्पर, बाजूंनी उघडं, डोक्यावर पंखे, चारी अंगांना छोटे छोटे गाळे, एकेका गाळ्यात दोनचारच पदार्थ, आणि मधे सगळ्यांची मिळून टेबलं. एसी असेल तर ते फूड कोर्ट, आणि बिल्डिंगच्या खाली आठदहा गाळ्यांचं जे असतं ते कोपीटिआम. खाणं साधारण तेच, भाव थोडे वरखाली.

प्रश्न : आई पहिल्यांदाच सिंगापूरला येतेय, तीन आठवडे. अंडंही खात नाही. माझं ऑफिस असतं, दुपारी ती एकटी बाहेर पडली तर खाणार काय? की रोज लिटल इंडियालाच पाठवू? (एक मुलगी, मूळची चिंचवडची)

लिटल इंडियाला पाठवाच, त्यात कमीपणा काही नाही. सेरांगून रोडवर कोमला विलास १९४७ पासून आहे, आनंद भवन तर त्याच्याही आधीचं, १९२४ चं. डोसा (इथे त्याला तोसै म्हणतात, आईला आधीच सांगून ठेवा), इडली, थाळी सगळं मिळेल आणि कुणाला काही विचारावं लागणार नाही. पण तीन आठवडे रोज तेच खाऊन ती पुण्याला परत गेली तर शेजारणींना काय सांगणार, की सिंगापूरला जाऊन सांबार खाल्लं?

तर तिला एक अक्षर ओळखायला शिकवा, 素. उच्चार 'सू'. म्हणजे शाकाहारी. बहुतेक हॉकर सेंटरमधे एक तरी चिनी शाकाहारी गाळा असतो, पाटी बरेचदा पिवळी किंवा हिरवी, आणि हे लोक बौद्ध परंपरेतलं शाकाहारी करतात. म्हणजे मांसमच्छी नाहीच, वर कांदा-लसूणही नाही. हे मला कळलं तेव्हा मी अक्षरशः हसले, कारण माझ्या आजीचा चातुर्मास जो चार महिने चालायचा तो इथे गाळ्यावर बारा महिने चालू आहे! चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, एरवी सगळं खाणारे लोकही शाकाहार पाळतात आणि त्या दिवशी या गाळ्यांपुढे ही रांग लागते, तेव्हा आईला साडेअकरालाच पाठवा. सकाळी तिथे शाकाहारी बीहून घ्यायचं, म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, दिसायला आपल्या शेवयांच्या उपम्याच्या जवळच्या, वर कोबी आणि तळलेली सोयाची कुरकुरीत साल. दुपारी भात आणि समोर मांडलेल्या भाज्यांतल्या तीन बोट दाखवून घ्यायच्या. बोट दाखवणं इथे असभ्य नाही, उलट सगळा कारभारच बोटावर चालतो.

दोन गोष्टी मात्र आधी सांगा नाहीतर ती तिथूनच तुम्हाला फोन करेल. एक, तिथे ट्रेमधे अगदी बदक, डुकराचं मटण, मासा असं दिसणारं काहीतरी असतं, कातडीसकट. ते सगळं सोया नाहीतर गव्हाच्या चिकाचं असतं. माझी आई बघूनच मागे सरकली होती आणि दहा मिनिटं समजावलं तरी "दिसतं तसं का करतात मग" हा तिचा प्रश्न काही सुटला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही उत्तर माहीत नाही. दुसरं, काही गाळ्यांवर अंडं चालतं. 'नो एग' म्हटलं की कळतं, चिनीत 'पु याव तान'. आणि जैन मैत्रिणींनो, कांदा-लसूण नसला तरी बटाटा-गाजर असतंच, तेव्हा ते तुमचं तुम्ही बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी स्वतः पोळून शिकलेय. बिगरशाकाहारी गाळ्यावर जाऊन "व्हेज आहे का?" असं विचारू नका. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी एका नूडल्सच्या गाळ्यावर तेच विचारलं, काकूंनी मान डोलावली, भरपूर पालेभाजी घातलेली छान वाफाळती प्लेट दिली, वर तांबूस कुरकुरीत बारीक तुकडे पेरलेले. मला वाटलं तळलेला कांदा. अर्धी प्लेट संपवून शेजारच्या माणसाला विचारलं की हे इतकं मस्त लागतंय ते काय, तो म्हणाला लार्ड, डुकराची चरबी तळून. काकू खोटं बोलल्या नव्हत्या हो, मटणाचा तुकडा खरंच नव्हता त्यात! त्यांच्या हिशेबी भाजी घातली की झालं व्हेज. तेव्हापासून मी व्हेज आहे का विचारत नाही, यात काय काय आहे ते विचारते. सुकट? ऑयस्टर सॉस? फिश सॉस? बेलाचान? हे बेलाचान म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची वडी आणि ती इथल्या तिखट चटणीत बरेचदा असते, तेव्हा भात निव्वळ शाकाहारी असला तरी बाजूची लाल चटणी नाही. लक्साच्या (नूडल्सचा पदार्थ) नारळाच्या रश्शात सुकट, चिनी रोजाकच्या (फळं-भाज्यांची कोशिंबीर) काळ्या सॉसमधे कोळंबीचा गाळ, पोपियाच्या (पातळ पोळीची गुंडाळी) सारणातही बऱ्याचदा सुकट.

रोटी प्राटा आईला आवडेल, आपल्या लच्छा पराठ्याची बहीण. सोबत येणारी करी मात्र सहसा माशाची किंवा मटणाची असते, तेव्हा डाळ आहे का विचारायचं, नाहीतर सरळ साखर मागायची. साखरेशी प्राटा खाणं ही इथली जुनी पद्धत आहे, कुणी हसणार नाही. त्याच तव्यावर अंड्याचा प्राटाही होतो, ते चालणार नसेल तर मग तोसैच बरा.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं टेबलावर बसलो, टेबलावर टिश्यूचं नवं पाकीट ठेवलेलं होतं, आम्हाला वाटलं हॉटेलचं आहे, फोडून तोंड पुसलं. नंतर दोन मुली प्लेटा घेऊन आल्या आणि आमच्याकडे बघतच राहिल्या. आमचं काय चुकलं? (नाशिककर)

अरे देवा. तुम्ही त्यांचं रिझर्वेशन फोडून तोंड पुसलंत!

याला इथे 'चोप' करणं म्हणतात. एसटी फलाटाला लागायच्या आत आपण खिडकीतून रुमाल टाकतो ना, अगदी तेच. फक्त रुमालाऐवजी टिश्यूचं पाकीट, छत्री, कधी ऑफिसचं ओळखपत्रसुद्धा. पाकीट टेबलावर ठेवायचं आणि निवांत रांगेत जायचं, कुणी हात लावत नाही. (मी एकदा फक्त छत्री ठेवून गेले, वीस मिनिटांनी आले, छत्री तिथेच आणि बाहेर धो धो पाऊस.) कायद्यात वगैरे काही नाही, पण मोडलात तर नाशिकला गोदाघाटावर दुसऱ्याच्या सतरंजीवर बसल्यासारखं आहे. आणि गाळेवाला टिश्यू देत नाही, पाणीही फुकट येत नाही, म्हणून ते पाकीट तसंही बरोबर लागतंच. म्हाताऱ्या आज्या टेबलाटेबलांवर फिरून विकतात, त्यांच्याकडून घ्या. पाण्याचं म्हणाल तर इथलं नळाचं पाणी थेट पिण्याजोगं आहे, घरून बाटली भरून निघा.

चौघांच्या टेबलावर तुम्ही दोघंच असाल तर उरलेल्या खुर्च्यांवर अनोळखी माणूस येऊन बसणार, विचारेल किंवा नुसतं भुवई उंचावेल. हो म्हणायचं. गप्पा मारायची सक्ती नाही.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, खाऊन झाल्यावर ट्रे उचलून रॅकवर नेऊन ठेवायचा असतो. सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमधे त्याची अंमलबजावणी सुरू झाली, पहिल्यांदा लेखी ताकीद आणि पुन्हा सापडलात तर ३०० डॉलर (सगळीकडे सिंगापूरचे) दंड. वापरलेले टिश्यू, हाडं, स्ट्रॉ टेबलावर टाकून गेलात तरी तेच. रॅकही दोन असतात, हलाल आणि बाकीचे, ट्रेचा रंग बघून ठेवा, आणि हे दंडासाठी नाही, मुसलमान गाळेवाल्याच्या भांड्यात डुकराच्या प्लेटा मिसळू नयेत म्हणून. माझे बाबा पहिल्या दिवशी "ते पोऱ्या येईल ना उचलायला" म्हणून बसून राहिले, तेवढ्यात दोन साळुंक्या आल्या आणि त्यांच्या ताटातला भात घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवसापासून घास गिळायच्या आत ट्रे उचलायला लागले.

प्रश्न : आम्ही मालवणी, मासे खाणारी माणसं. हे चिकन राईस चिकन राईस काय लावलंय सगळ्यांनी, फिक्कं उकडलेलं चिकन! आमच्या जिभेला काय आहे ते सांगा. (कुडाळ, सध्या ठाणे)

चिकन राईसला असं बोलू नका, त्यातला जीव चिकनमधे नाही, भातात आहे. कोंबडीच्याच पाण्यात आणि चरबीत आलं-लसूण टाकून शिजवलेला असतो. चिकन नुसतं सोबतीला. लाल चटणी आणि आल्याची चटणी दोन्ही मागून घ्या आणि मग मला लिहा.

पण तुमच्यासाठी खरी वस्तू म्हणजे सांबाल स्टिंगरे. स्टिंगरे म्हणजे आपलं पाकट, तुमच्याकडचं वागळं. त्याच्या पंखाचा जाड तुकडा केळीच्या पानावर ठेवून तव्यावर भाजतात, वर बोटभर जाडीचा लाल सांबाल (मिरचीची चटणी) थापलेला, आणि बाजूला कालामान्सी, म्हणजे आवळ्याएवढं लिंबू. पानाची कड जळून जो वास येतो ना, तो आला की डोळे मिटा, तारकर्ली. आत हाड नाही, कूर्चेच्या काड्या असतात, मांस त्यांच्यावरून कंगव्यासारखं काट्याने ओढून काढायचं. संध्याकाळी सहानंतर जा, दुपारी हे गाळे बरेचदा बंदच असतात. आणि ऑर्डर देण्याआधी भाव विचारा, मासा लहान-मध्यम-मोठा अशा भावात विकतात आणि गप्प राहिलात की मोठाच येतो. चिली क्रॅबचं तर फारच, ते किलोवर असतं, रेस्टॉरंटमधे खायची गोष्ट आहे, आधी आकडा विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

फिश हेड करीही घ्या, चिंच घातलेली, भेंड्या पोहतायत आणि मधे माशाचं अख्खं डोकं. ती जन्मलीच सिंगापुरात, केरळी हातांनी. लक्सा तुम्हाला घरचाच वाटेल कारण नारळाचं दूध आणि सुकट यात तुम्हाला कोण काय शिकवणार, वर तिसऱ्यांच्या जातीतल्या शिंपल्या, अर्ध्या कच्च्या. त्या मी तरी काढून ठेवते. पोट नाजूक असेल तर तुम्हीही काढा.

डुक्कर खात नसाल तर एक शब्द पाठ करा, 'बाक'. बाक कूट ते, बाक चोर मी, नावात बाक आलं की डुक्कर. 'चार सिऊ' म्हणजेही तेच, भाजलेलं. आणि कॅरट केक मागवताना सावध, त्यात गाजर नाही आणि तो केकही नाही, तांदळाचं पीठ आणि मुळ्याच्या वड्या अंड्यात परतलेल्या असतात. आमचे सासरे चहाबरोबर मागवून बसले होते, आले तेव्हा समोर अंडाभुर्जी. खाल्ली बिचाऱ्यांनी.

प्रश्न : रस्त्यावरच्या गाड्यांवरचं खाणं आहे तर पोट बिघडणार नाही का? आणि तिथे जमतं तर आपल्याकडे का जमत नाही? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

सर, ते आता रस्त्यावर नाहीच, तीच तर गोष्ट आहे. साठच्या दशकात इथेही हजारो फेरीवाले रस्त्यावर होते, नळ नाही, गटारात खरकटं, आणि ते सगळं वाहत सिंगापूर नदीत. १९६८-६९ मधे सरकारने आधी सगळ्यांची नोंद करून परवाने दिले, आणि मग १९७१ ते १९८६ या काळात सेंटर बांधून एकेकाला आत हलवलं, गाळ्यात नळ, सांडपाण्याची सोय, कचऱ्याची सोय. बहुतेक घरांच्या वसाहतींच्या पोटातच बांधली, म्हणून गिऱ्हाईक शोधत फिरावं लागलं नाही. आज अशी ११० हून जास्त सेंटर आहेत, चायनाटाउन कॉम्प्लेक्समधे तर एकाच छपराखाली दोनशेवर गाळे. डिसेंबर २०२० मधे युनेस्कोने ही हॉकर संस्कृती आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. गाळ्यावर परवाना लावलेला असतो, तपासणी होते. चौदा वर्षांत माझं पोट दोनदा बिघडलं, दोन्ही वेळा घरच्या शिळ्या आमटीने.

आपल्याकडे का नाही हा प्रश्न तुम्ही मला विचारता सर, आणि मी एक खाणारी बाई. पण माझ्या नजरेला दिसतं ते सांगते. इथे आधी मोजलं, मग जागा दिली, मग रस्ता मोकळा केला. आपल्याकडे २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा हेच म्हणतो, आधी सर्वेक्षण आणि तोपर्यंत हटवायचं नाही, पण प्रत्यक्षात गाडी उचलणारा ट्रक आधी येतो. आणि इथेही सगळं गोड नाही बरं का. गाळेवाल्यांचं वय साठीच्या आसपास आहे, पहाटे चारला उठून रस्सा चढवायला पोरं तयार नाहीत, भाव वाढवले तर चाळीस सेंटसाठी गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, आणि तेच गिऱ्हाईक मॉलमधे सात डॉलरची कॉफी हसत पितं. २०१६ मधे मिशेलिनने (हॉटेलांना मानाचे तारे देणारी मार्गदर्शिका) दोन हॉकर गाळ्यांना तारा दिला तेव्हा सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या, पण रोज तीन डॉलरला नूडल्स विकणाऱ्या काकांना त्या ताऱ्याचा काय उपयोग ते मला अजून कळलेलं नाही.

प्रश्न : साधी दुधाची कॉफी मागितली तर इतकी गोड आली की घशाखाली उतरेना. कमी साखर कशी सांगायची? (नवीन आलेला, आयटीवाला)

तुम्ही 'कोपी' मागितलीत, त्यात कंडेन्स्ड मिल्क असतं, गोड येणारच. ही भाषा मलय आणि होक्किएन, कँटनीज या चिनी बोलींची खिचडी आहे, पण एकदा जमली की एसटी कंडक्टरच्या खुणांसारखी पटापट चालते. कोपी-ओ म्हणजे बिनदुधाची, साखर असते. कोपी-सी म्हणजे साधं आटवलेलं दूध आणि वेगळी साखर. मागे 'कोसोंग' लावलं की साखर नाही. 'सिऊ दाय' म्हणजे गोड कमी. 'पेंग' म्हणजे बर्फ. 'गाव' म्हणजे कडक. कोपीच्या जागी 'ते' म्हटलं की चहा. तुम्हाला काय हवंय ते माझ्या अंदाजाने 'कोपी-सी सिऊ दाय', आणि आपल्या आल्याच्या चहाची आठवण आली तर इंडियन मुस्लिम गाळ्यावर 'ते हालिया'. बिया साखर आणि मार्जरीन घालून काळ्याभोर भाजतात, म्हणून ती करपट चव. तुमचा ग्लास बिघडलेला नाही.

गाळेवाल्याला अंकल, बाईंना आंटी म्हणा, सर-मॅडम नको. बांधून हवं असेल तर 'दाबाव'. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं आंटी मराठीत डबाच विचारतायत, आणि काय सांगू, माझ्या मुली आता घरात "आई, आज डबाओ करूया का" असंच म्हणतात.

प्रश्न : चौघांचा पाच दिवसांचा खाण्याचा खर्च साधारण किती धरू? (सोलापूर)

हॉकर सेंटरवर खाल्लंत तर माणशी दिवसाला २० डॉलरमधे तीन वेळा नीट होतं, म्हणजे चौघांचे पाच दिवसांचे ४००. डॉलर साधारण ७० रुपये धरा, २८ हजार. गाळ्यावर पाटीवर जो भाव तोच द्यायचा. रेस्टॉरंटच्या मेनूवर भावापुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर १० टक्के सर्व्हिस आणि त्यावर ९ टक्के जीएसटी, २० डॉलरचा पदार्थ बिलात जवळजवळ २४ चा होतो. थोडी रोख ठेवा, सगळेच गाळेवाले कार्ड घेत नाहीत.

प्रश्न : तुम्ही लिहिलेल्या गाळ्यावर मुलांना घेऊन गेलो तर शटर बंद! (वाचक, जुरोंग)

माफ करा. कुणी सोमवारी बंद, कुणी बुधवारी, कुणी माल संपला म्हणून दीड वाजता, आणि सफाईसाठी अधूनमधून अख्खं सेंटरच बंद असतं. चिनी नववर्षाला तर आठवडाभर विसराच. एका गाळ्यासाठी नव्हे, सेंटरसाठी जा, शेजारी शंभर असतात. (तो गाळा गुरुवारी बंद असतो. लिहायचं राहिलं.)

प्रश्न : गणपतीत आम्ही तिथे असू. मोदक मिळतील का? आणि संकष्टीला बाहेर काय खायचं? (सासूबाई, येणार आहेत ऑगस्टअखेर)

मोदक इथली मराठी मंडळी करतात, मंडळाच्या गणपतीला या. पण एक गंमत दाखवते. हॉकर सेंटरवर कुए तुतू मिळतात का बघा. ओलसर तांदळाचं पीठ फुलाच्या आकाराच्या छोट्या साच्यात, आत नारळ आणि गूळ, वर पुन्हा पीठ, आणि मिनिटभर वाफ. केवड्यासारख्या वासाच्या पानाच्या तुकड्यावर ठेवून देतात. शेंगदाण्याचाही असतो, तुम्ही नारळाचा घ्या. मलय लोकांचा पुतू पिरिंग त्याचा भाऊ, आत वितळलेला गुला मेलाका, म्हणजे माडाचा गूळ, वर खोवलेलं खोबरं. आपली उकड मऊ असते, हे थोडं भुसभुशीत, पण चव चावल्याबरोबर ओळखीची.

उपासाचं: उसाचा रस, शहाळं, कापलेली फळं सगळीकडे. बुबुर चा चा नावाची गोड खीर असते, नारळाच्या दुधात रताळं, अळकुड्या आणि साबुदाणा. चायनाटाउनमधे एक सेगो स्ट्रीट आहे, तिथे एकोणिसाव्या शतकात साबुदाण्याचे कारखाने होते म्हणून ते नाव. तो साबुदाणा सागो नावाच्या माडाचा, आपला टॅपिओकाचा. तुमच्याकडे अळकुडी उपासाला चालत नसेल तर चमच्याने बाजूला करा, जांभळट चौकोनी फोडी असतात, चटकन दिसतात.